रस्टमध्ये वॅझमटाइम बसवताना: स्टोअर किती काळ ठेवायचं, वेळ कशी मोजायची आणि मजकूर सीमेपार कसा न्यायचा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली बिलिंगची सेवा आहे. प्रत्येक ग्राहक-कंपनीला सवलतीचे स्वतःचे नियम लिहून चढवता यावेत म्हणून तुम्ही तिच्यात वॅझमटाइम, म्हणजे वेबअसेम्ब्ली (वॅझम) या स्वरूपातला कोड बंदिस्तपणे चालवणारा रनटाइम, बसवला. दोन आकड्यांची बेरीज करणारं मॉड्यूल लगेच चाललं, पण खरं काम सुरू झाल्यावर तीन ठिकाणी अडलं: जेसन (माहिती मजकुराच्या रूपात मांडायची पद्धत) मजकूर आत द्यायचा आणि बाहेर घ्यायचा कसा हे बसत नाही, दिवसभरात प्रोसेसची मेमरी चढत राहते, आणि एका ग्राहकाच्या नियमात न संपणारा लूप निघाला तेव्हा सगळी सेवाच थांबली. तुमच्या वर्णनावरून दिसतं की सेवा सुरू होताना एकच स्टोअर बनतं, ते म्युटेक्समध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला आत येऊ देणाऱ्या कुलपात) राहतं आणि येणारी प्रत्येक विनंती त्यातच नवा इन्स्टन्स, म्हणजे मॉड्यूलची चालती प्रत, उघडते.

या शेवटच्या वाक्यात तीनपैकी दोन अडचणींचं मूळ आहे. म्हणून सुरुवात तिथून करू, जेसनकडे नंतर वळू.

वॅझमटाइममध्ये चार गोष्टींचं आयुष्य वेगवेगळं असतं. इंजिन प्रोसेसभर एकच असावं. त्यात कंपाइलरच्या सेटिंग्ज असतात, ते थ्रेड्समध्ये बिनधास्त वाटता येतं आणि त्याची क्लोन अगदी स्वस्त असते. मॉड्यूल म्हणजे कंपाइल झालेला कोड. तोही वाटता येतो, आणि ग्राहकाच्या नियमाची आवृत्ती बदलेपर्यंत तो टिकवायचा असतो. लिंकरमध्ये तुम्ही पाहुण्या कोडला (ग्राहकाने चढवलेल्या, आत चालणाऱ्या कोडला) दिलेली होस्टची, म्हणजे तुमच्या सेवेची, फंक्शनं असतात, ती एकदाच नोंदवायची. स्टोअर मात्र अल्पजीवी ठेवायचं असतं. इन्स्टन्स, त्याची मेमरी, टेबलं, ग्लोबल्स हे सगळं स्टोअरच्या मालकीचं असतं आणि स्टोअर ड्रॉप होईपर्यंत यातलं काहीही मोकळं होत नाही. इन्स्टन्सचं हँडल स्कोपबाहेर गेलं तरी त्याची मेमरी स्टोअरमध्ये तशीच राहते.

तुमची मेमरी म्हणून चढते. सेवा बराच काळ रीस्टार्ट न करता चालू ठेवलीत, तर एका टप्प्यावर इन्स्टन्सची संख्या जास्त झाल्याची चूक येऊन नवा इन्स्टन्स उघडणंच बंद होईल. एका स्टोअरमध्ये मुळात १०,००० इन्स्टन्स इतकीच मर्यादा आहे. ही मर्यादा वाढवणं हा उपाय नव्हे. त्या आकड्याला धडकणं याचा अर्थच असा की स्टोअर गरजेपेक्षा जास्त जगतंय.

दर विनंतीला नवं स्टोअर, त्यात एक इन्स्टन्स, काम झालं की दोन्ही ड्रॉप, अशी रचना करा. म्युटेक्सची गरजच उरत नाही, कारण वाटून घेण्यासारखं काही स्टोअरमध्ये राहत नाही. यात वेग जाईल अशी भीती असते, पण वेळ खाणारं काम कंपाइलचं असतं आणि ते मॉड्यूल बनताना एकदाच होतं. इन्स्टन्स उघडताना इम्पोर्ट जुळवण्याचं कामही आधी उरकता येतं. लिंकरवर ‘इन्स्टन्शिएट प्री’ बोलवून ‘इन्स्टन्स प्री’ तयार ठेवा आणि मॉड्यूलच्या कॅशमध्ये मॉड्यूलऐवजी तेच साठवा. मग प्रत्येक विनंतीला उरतं ते फक्त मेमरी मांडणं.

याचा आणखी एक फायदा आहे. वेबअसेम्ब्लीची मेमरी ६४ केबीच्या पानांनी वाढते, पण आकसत नाही. पानं परत करायची सूचनाच त्यात नाही. एखाद्या मोठ्या बिलासाठी इन्स्टन्स ४० एमबीपर्यंत फुगला, तर तो जिवंत असेपर्यंत तेवढाच राहणार. शिवाय मध्येच ट्रॅप झाला (चूक होऊन कोड जागीच थांबला) तर आतली मेमरी अर्धवट बदललेल्या अवस्थेत असते. तांत्रिकदृष्ट्या त्याच इन्स्टन्सला पुन्हा हाक मारता येते, पण ते करू नका. बिलाच्या हिशेबात मागच्या विनंतीचा उरलेला तुकडा शिरला तर शोधायला फार अवघड जातं.

आता लूप. पाहुणा कोड चालतो तेव्हा तो तुमच्याच थ्रेडवर, मशीन कोड म्हणूनच चालतो. त्याला बाहेरून थांबवायचं असेल तर कंपाइल करतानाच त्यात तपासण्या पेरून ठेवाव्या लागतात. दोन मार्ग आहेत.

पहिला म्हणजे फ्युएल. कॉन्फिगमध्ये तो चालू केला की बहुतेक सूचना प्रत्येकी १ युनिट खातात आणि साठा संपला की ट्रॅप होतो. हा मार्ग निश्चित असतो: तोच कोड, तेच इनपुट आणि तेच मॉड्यूल असेल तर तो नेमक्या त्याच जागी थांबतो. पण हिशेब सतत ठेवावा लागत असल्याने वेग लक्षात येण्याइतका कमी होतो. दुसरा मार्ग एपॉकचा. इंजिनमध्ये एक मोजणी असते. फंक्शनच्या सुरुवातीला आणि लूपच्या प्रत्येक फेरीला पाहुणा कोड ती वाचतो आणि मुदत ओलांडली असेल तर ट्रॅप होतो. ही तपासणी खूप स्वस्त पडते, पण थांबण्याची जागा दर वेळी तीच नसते.

‘अमुक वेळात आटप’ एवढंच तुम्हाला हवं असेल तर एपॉक घ्या. कामाच्या प्रमाणात ग्राहकाकडून पैसे आकारायचे असतील, किंवा दोन सर्व्हरवर निकाल हुबेहूब सारखा यायला हवा असेल, तर फ्युएल. तुमच्या वर्णनावरून मी एपॉक निवडेन.

प्रत्यक्षात ते असं करायचं. कॉन्फिगमध्ये एपॉक इंटरप्शन चालू करा. एक स्वतंत्र थ्रेड सुरू करा, जो दर १० मिलिसेकंदांनी इंजिनची मोजणी एकाने वाढवेल. त्या थ्रेडकडे इंजिनचा वीक हँडल द्या, म्हणजे सेवा बंद होताना तो इंजिनला धरून बसणार नाही. मग प्रत्येक नव्या स्टोअरवर मुदत ५ टिकची ठेवा. प्रत्यक्ष वेळ ४० ते ५० मिलिसेकंदांच्या मध्ये कुठेतरी पडेल, कारण पहिली टिक तुम्ही मुदत लावल्यावर केव्हाही येऊ शकते.

इथे तीन ठिकाणी हमखास चूक होते. मुदत लावायला विसरलात तर पहिल्याच हाकेला ट्रॅप होतो, कारण मूळ मुदत ० असते. फ्युएलचंही तसंच: साठा भरला नाही तर तो ०च असतो. दुसरं, मुदत इन्स्टन्स उघडण्याच्या आधी लावा. मॉड्यूलमध्ये स्टार्ट फंक्शन असू शकतं आणि ते उघडतानाच चालतं. ज्याला त्रास द्यायचाय तो लूप तिथेच लिहील. तिसरी चूक सर्वांत महाग पडते: फ्युएल असो वा एपॉक, दोन्ही फक्त पाहुण्या कोडवर लागू होतात. पाहुण्याने तुमचं होस्ट फंक्शन बोलावलं आणि ते डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसलं, तर मुदत संपूनही कोणी त्याला थांबवणार नाही. होस्ट फंक्शनला स्वतःचा टाइमआउट तुम्हीच लावायचा असतो.

सगळी सेवा थांबण्याचं दुसरं कारणही दिसतंय. तुम्ही टोकियो या रस्टच्या लायब्ररीच्या असिंक टास्कमधून सरळ हाक मारताय. पाहुण्याने ५० मिलिसेकंद घेतली तर तेवढा वेळ तो वर्कर थ्रेड इतर कोणाचंच काम करत नाही. नियम छोटे असतील तर ‘स्पॉन ब्लॉकिंग’मध्ये हाक टाकणं पुरेसं आहे. होस्ट फंक्शनंच असिंक असतील तर वॅझमटाइमची असिंक हाक वापरा. तिच्यात पाहुणा वेगळ्या स्टॅकवर चालतो आणि एपॉकची मुदत आल्यावर ट्रॅपऐवजी मध्येच थांबून दुसऱ्या टास्कला वाट देता येते. पण त्यासाठी रचना बरीच बदलावी लागते, म्हणून गरज दिसेपर्यंत पहिलाच मार्ग ठेवा.

मेमरीची मर्यादाही स्टोअरवरच लावायची असते. ‘स्टोअर लिमिट्स बिल्डर’ने एक रचना तयार करा, ती स्टोअरच्या डेटामध्ये ठेवा आणि लिमिटर म्हणून जोडा. तुमच्या कामासाठी ३२ एमबी मेमरी, १ इन्स्टन्स आणि टेबलच्या घटकांना काही हजारांची मर्यादा एवढ्यावर सुरुवात होईल. फार आखडूही नका. रस्टचा कंपाइलर पाहुण्या मॉड्यूलमध्ये मुळातच १ एमबी स्टॅक राखतो, म्हणून अगदी छोटं मॉड्यूलही बहुधा १७ पानं मागतं. १ एमबीची मर्यादा लावली तर इन्स्टन्स उघडणारच नाही आणि आलेला त्रुटी-संदेश वाचून दोष मॉड्यूलचा वाटेल. मर्यादा लागल्यावर काय दिसतं तेही माहीत असू द्या: मेमरी वाढवण्याच्या सूचनेला −१ मिळतं, पाहुण्याचा अ‍ॅलोकेटर (मेमरीतली जागा वाटून देणारा भाग) हात टेकतो आणि तुमच्यापर्यंत पोचतो तो ‘अनरीचेबल’ ट्रॅप. त्यात मेमरीचा उल्लेखही नसतो. लिमिट्समध्ये ‘ट्रॅप ऑन ग्रो फेल्युअर’ चालू केलंत तर खरं कारण थेट कळतं.

आता जेसन. मॉड्यूलच्या सीमेवरून फक्त आकडे जातात: ३२ आणि ६४ बिटांचे पूर्णांक, दशांश संख्या. मजकूर द्यायचा तर तो पाहुण्याच्या मेमरीत लिहायचा आणि त्याचा पत्ता व लांबी कळवायची. होस्टने त्या मेमरीत मनाला येईल तिथे लिहू नये. तिथली जागा पाहुण्याच्या अ‍ॅलोकेटरची असते. म्हणून पाहुण्याने एक अ‍ॅलोक फंक्शन एक्स्पोर्ट करावं. तुम्ही त्याला बाइट्सची संख्या द्या, तो पत्ता देईल, तिथे लिहा आणि मग मुख्य फंक्शनला पत्ता व लांबी द्या. उत्तरासाठी एकच ६४ बिटांचा पूर्णांक घ्या: वरच्या ३२ बिटांत पत्ता, खालच्या ३२ बिटांत लांबी. रस्टच्या पाहुण्याकडून दोन वेगळी मूल्यं परत घेणं स्टेबल कंपाइलरवर सरळ जमत नाही, म्हणून ही पद्धत रूढ आहे. आणि स्टोअर दर विनंतीला टाकूनच देत असाल तर डीअ‍ॅलोकची गरज नाही. स्टोअरसोबत सगळंच जातं.

सीमेपलीकडून आलेला प्रत्येक आकडा खोटा असू शकतो असं धरून चाला. पत्ता ३२ बिटांचा चिन्हासहित पूर्णांक म्हणून येतो. त्याला थेट यूसाइझ (मशीनच्या पत्त्याच्या आकाराचा बिनचिन्ह पूर्णांक) केलं तर २ जीबीच्या वरचा पत्ता ऋण ठरून ६४ बिटांत भलताच मोठा होतो. आधी यू३२ (३२ बिटांचा बिनचिन्ह पूर्णांक), मग यूसाइझ. पत्ता आणि लांबीची बेरीज चेक्ड अ‍ॅडने करा. मेमरीचा स्लाइस कंसाने कापण्याऐवजी ‘गेट’ने घ्या, म्हणजे चुकीच्या आकड्याला पॅनिक न होता ‘नन’ मिळेल. आणि लांबी आधी तुमच्या मर्यादेशी ताडा, मगच होस्टच्या बाजूला जागा घ्या. पाहुणा ३ जीबी सांगेल आणि तुमचा वेक्टर तेवढी मागणी करेल, असं होऊ देऊ नका. मेमरीचा स्लाइस हाकेच्या आरपार धरून ठेवायचा प्रयत्न केलात तर रस्टचा बॉरो चेकर (संदर्भ वैध आहेत का ते कंपाइल करताना तपासणारा भाग) अडवेल. ते बरोबरच आहे, कारण हाकेदरम्यान मेमरी वाढू किंवा हलू शकते. हेच सी भाषेतून करणाऱ्यांना ही राखण मिळत नाही आणि जुना पॉइंटर गुपचूप चुकीचा ठरतो.

मजकुराची लांबी नेहमी बाइट्समध्ये. हे वेगळं सांगतो कारण इंग्रजी नमुन्यांवर ही चूक दिसतच नाही. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा असे ४ कोडपॉइंट (युनिकोडची चिन्हं) आहेत, पण यूटीएफ-८मध्ये त्याचे १२ बाइट होतात आणि यूटीएफ-१६मध्ये ८. पाहुणा असेम्ब्लीस्क्रिप्टमध्ये लिहिला असेल तर तिथल्या स्ट्रिंग यूटीएफ-१६च्या असतात. अक्षरं मोजून लांबी पाठवली तर ग्राहकाचं नाव मराठीत आलं की मजकूर मध्येच तुटतो. परत आलेल्या बाइट्सवर यूटीएफ-८ची तपासणी करा, आणि चाचणीच्या नमुन्यांत देवनागरी नावं-पत्ते मुद्दाम ठेवा.

हे सगळं हाताने करण्याऐवजी कंपोनंट मॉडेल (मजकूर, याद्या असे प्रकार सीमेपार न्यायचा वेबअसेम्ब्लीचा प्रमाणित करार) घ्यावं का, याचं उत्तर नियम लिहिणारे कोण आहेत यावर ठरतं. सगळे रस्टच वापरणार, एकच फंक्शन आणि एकच जेसन असेल, तर वरची पद्धत पुरते. ग्राहक वेगवेगळ्या भाषांत लिहिणार असतील तर प्रत्येक भाषेसाठी अ‍ॅलोकचा करार समजावत बसू नका. विट (इंटरफेस लिहायची भाषा) फाइलमध्ये रेकॉर्ड, लिस्ट, स्ट्रिंग आणि रिझल्ट अशा प्रकारांत इंटरफेस लिहा. होस्टच्या बाजूला वॅझमटाइमचा बाइंडजेन मॅक्रो आणि पाहुण्याच्या बाजूला विट-बाइंडजेन पत्ते-लांब्यांचं काम स्वतः करतात. झेड या एडिटरची एक्स्टेन्शन्स याच मार्गाने चालतात. जावास्क्रिप्ट किंवा पायथनमधून बनवलेल्या कंपोनंटमध्ये मात्र त्या भाषेचं अख्खं इंजिनच सोबत येतं, त्यामुळे फाइल काही एमबींची होते आणि कंपाइलला वेळ लागतो. मध्यम मार्ग म्हणून आधी कोर मॉड्यूलने सुरुवात करून नंतर बदलता येईल, पण बाहेरच्या लोकांनी नियम लिहायला घेतल्यावर करार बदलणं त्रासाचं होतं. तुमच्या ठिकाणी मी आजच विट लिहायला घेईन.

टार्गेटबद्दल, म्हणजे कोणत्या वातावरणासाठी कंपाइल करायचं त्याबद्दल, थोडं. ‘वॅझी’ (घड्याळ, फाइल अशा सोयी वॅझमला देणारा प्रमाणित इंटरफेस) घेऊन बनवलेलं मॉड्यूल उघडताना ‘अननोन इम्पोर्ट’ अशी चूक येते, कारण तुमच्या लिंकरमध्ये ती फंक्शनं नाहीत. दोनच पर्याय आहेत: वॅझी जोडा किंवा ‘अननोन-अननोन’ टार्गेटवर बनवा. दुसऱ्यात प्रिंट केलेलं कुठेच दिसत नाही, घड्याळ विचारलं की पॅनिक होतो आणि गेटरँडम (यादृच्छिक आकडे देणारी लायब्ररी) वापरणाऱ्या क्रेट्स (रस्टची पॅकेजेस) जास्तीच्या सेटिंगशिवाय कंपाइल होत नाहीत. जुन्या लेखांतलं ‘वॅझम३२-वॅझी’ हे टार्गेट २०२५च्या जानेवारीत आलेल्या रस्ट १.८४मध्ये काढून टाकलंय. त्याच्या जागी वॅझीपी१ आणि वॅझीपी२ अशी नावं आहेत. सवलतीच्या नियमाला घड्याळ देऊच नका असं माझं मत आहे. बिलाची तारीख इनपुटमध्ये द्या, म्हणजे तेच बिल सहा महिन्यांनी पुन्हा काढलं तरी उत्तर तेच येईल. याच कारणासाठी रक्कम रुपयांऐवजी पैशांत, ६४ बिटांच्या पूर्णांकात पाठवा.

कंपाइलचा खर्च क्रेनलिफ्टचा (वॅझमटाइमच्या कंपाइलरचा) असतो आणि तो विनंतीच्या मार्गात येऊ नये. ग्राहकाने नियम चढवला की तेव्हाच इंजिनचं प्रीकंपाइल वापरून तयार फाइल बनवा आणि सेवेत ती डीसीरिअलाइझ करा. हे फंक्शन अनसेफ आहे, आणि त्याला सबळ कारण आहे: त्या फाइलमधला मशीन कोड जसाच्या तसा चालवला जातो. ग्राहकाकडून फक्त मूळ वॅझम फाइल घ्यायची. कंपाइल केलेली फाइल फक्त तुम्हीच बनवलेली असावी आणि ग्राहकाला लिहिता येणार नाही अशा जागी असावी. कंपाइल करणारी प्रोसेसही वेगळी ठेवा आणि फाइलच्या आकाराला मर्यादा लावा, कारण मुद्दाम बनवलेलं अवाढव्य मॉड्यूल कंपाइलरलाच दमवू शकतं. तयार फाइल वॅझमटाइमच्या आवृत्तीशी आणि कॉन्फिगशी बांधलेली असते. एपॉक एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद असेल तर ती उघडणारच नाही. वॅझमटाइमची नवी मुख्य आवृत्ती दर महिन्याला येते, तेव्हा कॅशच्या नावात आवृत्ती घाला आणि मूळ फाइल जपून ठेवा.

सर्व्हरवर चढवताना दोन गोष्टी चकवतात. ६४ बिटांच्या मशीनवर वॅझमटाइम प्रत्येक मेमरीसाठी ४ जीबी आभासी जागा आणि वर संरक्षक पट्टा राखून ठेवतो, म्हणजे प्रत्येक वाचन-लेखनाला सीमा तपासावी लागत नाही. टॉप या आदेशाच्या व्हर्चुअल रकान्यात शेकडो जीबी दिसले तरी घाबरू नका. प्रत्यक्ष वापरलेली जागा रेझिडंट रकान्यात बघा. पण कोणी ‘यूलिमिट’ने आभासी मेमरीवर मर्यादा लावली असेल तर इन्स्टन्स उघडणं फसेल. आणि ४७ बिटांच्या पत्त्यात ४ जीबीचे जास्तीत जास्त ३२,७६८ तुकडे बसतात, तेव्हा एकाच वेळी दहा-वीस हजार इन्स्टन्स जिवंत ठेवायचा बेत असेल तर राखीव जागा कॉन्फिगमधून कमी करा. दुसरी गोष्ट सिग्नलची. सीमेबाहेरचं वाचन पकडण्यासाठी वॅझमटाइम लिनक्सवर सिगसेगव्हीचा (मेमरीला चुकीच्या जागी हात लागल्यावर येणाऱ्या सिग्नलचा) हँडलर बसवतो. त्याच प्रोसेसमध्ये क्रॅश रिपोर्टर किंवा जेव्हीएम (जावाचा रनटाइम) असेल तर कोणाचा हँडलर आधी बसतो आणि तो दुसऱ्याकडे सिग्नल पुढे पाठवतो का, हे तपासा.

दर सेकंदाला हजारो इन्स्टन्स उघडणार असाल तेव्हाच पूलिंग अ‍ॅलोकेटरकडे वळा. तो जागा आधीच राखून ठेवतो आणि वापरून झालेली पुसून पुन्हा देतो. आधी मोजा, तुमच्या आकाराच्या सेवेला बहुधा लागणार नाही.

वॅझमटाइमच का, हेही विचारलंत. लिनक्स सर्व्हर, एक्स८६ किंवा आर्म ६४, आणि होस्ट रस्टमध्ये: अशा वेळी तोच घ्या. आयओएससारख्या ठिकाणी चालताना मशीन कोड बनवायला परवानगी नसते, तिथे इंटरप्रिटर लागतो. वॅझमी रस्टमध्येच लिहिलेला आहे आणि त्याची रचना वॅझमटाइमशी खूप मिळतीजुळती आहे. काहीशे केबी मेमरीच्या मायक्रोकंट्रोलरवर सीमधला वेबअसेम्ब्ली मायक्रो रनटाइम बघा. तुमचे ग्राहक पूर्ण अनोळखी असतील तर रनटाइम कोणताही असो, नियम चालवणारी प्रोसेस पैशांच्या डेटाबेसला थेट जोडलेली नसावी.

हे बदल करताना आधी स्टोअर दर विनंतीला करा आणि एपॉक लावा; मेमरी चढणं आणि सेवा थांबणं दोन्ही तेवढ्यानेच सुटायला हवं. मग चाचण्यांसाठी वॅझमच्या मजकुरी रूपात पाच छोटी वाईट मॉड्यूलं लिहा, वॅझमटाइम ती थेट वाचतो: मुख्य फंक्शनमध्ये न संपणारा लूप, स्टार्टमध्ये न संपणारा लूप, −१ मिळेपर्यंत मेमरी वाढवत राहून मग ट्रॅप होणारं, मेमरीच्या शेवटच्या पानापलीकडचा पत्ता आणि अवाढव्य लांबी परत करणारं, आणि स्वतःलाच हाक मारत राहणारं. शेवटच्याला स्टॅक संपल्याचा ट्रॅप मिळायला हवा. पाहुण्याच्या स्टॅकची मर्यादा मुळात ५१२ केबी असते. पाचही वेळा होस्टला ठरलेल्या मुदतीत चूक परत मिळाली पाहिजे आणि त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडवरचं साधं बिल नेहमीच्याच वेळात निघालं पाहिजे. वॅझमटाइमची आवृत्ती बदलताना दर वेळी हाच संच चालवा.